‘दोष माझ्यात निघाला तर?’

पत्र थोडक्यात असं: मी बीड जिल्ह्यात राहते, वय २७. आमच्याकडे मामाच्या पोरीला पहिला मान, म्हणून माझं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं. आम्हाला तीन वर्षांची मुलगी आहे. पाच महिन्यांची असताना तिला लस दिली, रात्री ताप चढला आणि पहिला झटका आला. अर्धा तास थांबला नाही. त्यानंतर दर तापात झटके, कधी डावं अंग, कधी उजवं. तालुक्याला चालू केलेल्या गोळ्यांनी ते वाढलेच. शेवटी मोठ्या शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी जनुकाची तपासणी केली. एससीएन१ए या जनुकात बिघाड आहे, आजाराचं नाव ड्रावे सिंड्रोम. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी तुम्हा दोघांचं रक्त तपासू, असं ते म्हणतात. सासूबाई, म्हणजे माझी आत्याच, कधी म्हणते नात्यातल्या सोयरिकीनं झालं, कधी म्हणते लसीनं, आणि रागात असली की माझ्यावर येते. नणंदेचं जमत आलंय, म्हणून तपासणी आत्ता नको म्हणते. घरात सगळ्यांना आता मुलगा हवाय. जावेनं तर तिच्या बाळाच्या लसीच बंद केल्या. मालक चांगले आहेत पण बोलत नाहीत. एक गोष्ट मी सासरी सांगितलेली नाही: मला लहानपणी तापात एकदा फिट आली होती. दोष माझ्यात निघाला तर मला नांदवतील का? गुपचूप एकटीनं जाऊन रक्त देऊ का?

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. तपासणी करा, पण गुपचूप नको आणि एकटीनं तर नकोच. दोघांनी एकाच दिवशी रक्त द्या आणि अहवाल दोघांनी शेजारी बसून डॉक्टरांकडून ऐका. तुम्ही एकट्या गेलात तर तपासणीला बसली ती फक्त सून, असा त्याचा अर्थ घरात लावला जाईल. तुमच्यात काही निघालं नाही तरी ‘मग बघायला का गेली होती?’ हा प्रश्न उरेलच. शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही ते अर्धंच काम आहे, कारण डॉक्टरांना दोघांचं रक्त लागतं.

आता सोयरिकीचं. तुमच्या घरात, आणि खरं तर अख्ख्या मराठवाड्यात, एक समजूत पक्की बसली आहे की नात्यात लग्न केलेल्यांच्या लेकरात काही निघालं तर ते नात्यामुळेच. काही आजारांच्या बाबतीत ते खरं आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. थॅलेसेमियासारख्या आजारात दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात, आणि नवरा-बायको एकाच आजा-आजीची नातवंडं असली की तोच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. ड्रावेची गोष्ट निराळी आहे. इथे एकच प्रत बिघडली तरी आजार होतो. तुमच्या मुलीच्या अहवालात ‘हेटेरोझायगस’ असं लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ तोच. आणि ड्रावेच्या बहुतेक मुलांमध्ये हा बदल आई-वडील दोघांकडेही नसतो. बीज तयार होताना तो नव्यानंच घडलेला असतो.

हे ‘नव्यानं घडणं’ काही जगावेगळं नाही. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळात असे साधारण ६०-७० बदल असतात, जे त्याच्या आईतही नसतात आणि बापातही नसतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, आत्याबाईंमध्येही आहेत. बहुतेक बदल अशा जागी पडतात की आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुमच्या लेकीच्या वाट्याला नेमकी नको ती जागा आली. त्यासाठी सोयरीक, उपास, ग्रहण, गरोदरपणात खाल्लेली पपई यातलं काहीही कारणीभूत नाही. (असे नवे बदल आईपेक्षा वडिलांच्या बीजातून जास्त येतात, हेही शास्त्रानं दाखवलं आहे. पण हे वाक्य भांडणात वापरू नका. त्यात मालकांचा दोष तेवढाच, म्हणजे काहीच नाही.)

तरी नात्यातलं लग्न अगदी बिनधोक असतं, असंही मी म्हणणार नाही. कुठल्याही १०० बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात गंभीर दोष असतो, आणि सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणून जनुकतज्ज्ञांकडे जाल तेव्हा आपलं नातं आधीच सांगा, म्हणजे त्या बाजूनंही ते विचार करतील. फक्त तुमच्या मुलीच्या आजाराचं खापर त्या लग्नावर फुटत नाही, एवढं आत्याबाईंना सांगता येईल. कदाचित त्यांनाच ते ऐकण्याची गरज जास्त असेल. ही सोयरीक त्यांनीच जमवली ना? तुमच्यावर निघणाऱ्या रागात त्यांची स्वतःची टोचणीही मिसळलेली असावी, असा माझा अंदाज आहे.

हे जनुक करतं काय, तेही समजून घ्या, कारण औषधांचं सगळं गणित त्यावर आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते विजेच्या बारीक लहरींनी. पेशीच्या आवरणात सोडियमसाठी दारं असतात. ती क्षणभर उघडली, सोडियम आत आलं, की लहर उठते. एससीएन१ए हे जनुक अशाच एका दाराच्या प्रथिनाची कृती आहे. एक प्रत बिघडली म्हणजे दारं निम्मीच तयार होतात. आता तुम्ही म्हणाल, दारं कमी तर लहरी कमी, मग झटके वाढतात कसे? शास्त्रज्ञांनाही हे कोडं काही वर्षं पडलं होतं. उंदरांवरच्या अभ्यासातून २००६च्या सुमारास ते सुटलं. या विशिष्ट दारांवर सर्वांत जास्त भिस्त असते ती इतर पेशींना शांत करणाऱ्या पेशींची. वर्गात गुरुजींचाच आवाज बसला तर पोरं गप्प कोण करणार, तसं होतं. गलका वाढत जातो आणि झटका येतो.

म्हणूनच तालुक्याच्या गोळ्यांनी झटके वाढले. फिट्सवरची काही नेहमीची औषधं सोडियमची हीच दारं आणखी बंद करतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही त्यांतली. दुसऱ्या प्रकारच्या फिट्समध्ये ती उत्तम चालतात, पण ड्रावेत बहुधा उलटतात. त्या डॉक्टरांवर राग धरू नका, जनुकाचा अहवाल हातात नसताना तीच औषधं सुचणं साहजिक होतं. ड्रावेत सहसा व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम यांनी सुरुवात करतात, पुढे इतर औषधं आणि कीटोजेनिक, म्हणजे स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी कमी असलेल्या, आहाराचाही विचार होतो. तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तिचे डॉक्टरच ठरवतील. मी सांगतेय ते एवढ्यासाठी की जनुकाच्या तपासणीनं तुम्हाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, आणि घरात तिची चर्चाच नाही. चर्चा आहे ती रक्त कुणाचं याची.

या माहितीचा उपयोग याच आठवड्यात करा. डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी लिहून घ्या: मुलीचं निदान, चालू औषधं, टाळायची औषधं, आणि झटका थांबला नाही तर काय द्यायचं. फेनिटॉइनचं इंजेक्शन तातडीच्या विभागात सर्रास वापरलं जातं. रात्री दोन वाजता तुम्ही ज्या दवाखान्यात पोहोचाल तिथल्या डॉक्टरनं ड्रावेचं एकही मूल पाहिलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे, कारण हा आजार साधारण १५ ते ४० हजार बाळांत एकाला होतो. अशा वेळी चिठ्ठीच बोलते. एक प्रत पर्समध्ये, एक मालकांच्या पाकिटात, फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये, आणि एक प्रत अंगणवाडीत.

घरी वापरायचा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि तो कितव्या मिनिटाला मारायचा हे त्यांच्याकडूनच नक्की करून घ्या. झटका आला की कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली की १०८ला फोन. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, कपाळावर चावी यातलं काहीही नको. देवऋषीकडे कुणाला जायचंच असेल तर जाऊ दे, त्यावर शक्ती घालवू नका. मात्र औषधाचा एकही डोस त्यासाठी चुकता कामा नये. फिट्सचं औषध एकदम बंद होणं धोक्याचं असतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. या मुलांना तापाइतकाच अंग तापण्याचाही त्रास होतो. कढत पाण्याच्या आंघोळीनंही झटका येऊ शकतो, म्हणून पाणी कोमटच, आणि आंघोळीला मोठं माणूस शेजारी हवंच. एप्रिल-मेच्या दुपारी तिला लग्नाच्या मांडवात, जत्रेत, टपावर पत्रा तापलेल्या जीपमध्ये नेऊ नका. नणंदेच्या लग्नातही हे लक्षात ठेवा. ‘एक दिवसानं काय होतं’ म्हणणारे पाहुणे झटका आला की सगळ्यात आधी लांब होतात.

लसीकडे येते, कारण या एका बाबतीत उशीर परवडणार नाही. लसीनंतर ताप आला, तापात पहिला झटका आला, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. त्यामुळे लसीनंच केलं असं वाटणं स्वाभाविक आहे. जगभरातल्या अनेक आईबापांना असंच वाटलं होतं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशाच १४ रुग्णांची जनुकं तपासली, ज्यांच्या मेंदूला लसीनं इजा केली असं मानलं जात होतं. त्यांपैकी ११ जणांत एससीएन१एमध्ये बिघाड सापडला. आजार आधीपासून होता, तापानं तो फक्त उघडा पडला. लस दिली नसती तर पहिला झटका कदाचित थोडा उशिरा, सर्दीच्या तापात आला असता, आजार मात्र तोच राहिला असता. तुमच्या मुलीच्याही पुढच्या लसी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि तापाच्या औषधाची तयारी ठेवून, चालू राहायला हव्यात. गोवराचा ताप तिच्यासाठी लसीच्या तापापेक्षा फार वाईट ठरेल.

आता तुमचं गुपित. तापात फिट येणं फार सामान्य आहे, १०० मुलांत दोन ते पाच मुलांना ती येते आणि बहुतेकांचं पुढे काहीही होत नाही. त्यामुळे तुमच्या त्या एका फिटीवरून ‘बिघाड माझ्याकडूनच’ असा निकाल तुम्ही स्वतःवर लावून टाकलाय, तो घाईचा आहे. पण ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. याच जनुकातला बदल काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि तिथे कुणाला लहानपणी फक्त तापात फिट येते तर कुणाला पुढे गंभीर आजार होतो. म्हणजे तुमच्याकडून आलेला असण्याची शक्यता थोडी आहे, आणि ती तपासायलाच तर रक्त द्यायचं आहे.

एक मात्र मला पत्र वाचताना खटकलं. आत्याला तुमच्या फिटीचं माहीत नाही, असं तुम्ही धरून चालता. ती तुमच्या वडिलांची सख्खी बहीण आहे! माहेरच्या भाचीला फिट आली आणि आत्याच्या कानावर गेलं नाही, असं आपल्याकडच्या किती घरांत होतं? मला वाटतं त्यांना माहीत असेल, आणि त्याही ते मनात धरून बसल्या असतील. शिवाय बदल तुमच्याकडे निघाला आणि तो तुमच्या वडिलांकडून आलेला असला, तर ते घराणं आत्याबाईंचंही माहेरच आहे. ‘तुमच्याकडचं रक्त’ म्हणून बोट दाखवायला त्यांना जागाच उरत नाही. मी तुमच्या जागी असते तर हे त्यांच्याशी एकटीनं, स्वयंपाकघरात, सासू म्हणून नाही तर आत्या म्हणून बोलले असते.

तपासणीत काय निघू शकतं? सगळी जनुकं पुन्हा तपासायची नसतात, मुलीत सापडलेली ती एकच जागा दोघांच्या रक्तात पाहायची असते, त्यामुळे खर्च पहिल्या तपासणीपेक्षा बराच कमी असतो. आधी त्याच लॅबला विचारा. बहुधा दोघांतही बदल सापडणार नाही. तसं झालं तर पुढच्या बाळाला धोका फार कमी, पण शून्य नाही. कधीकधी आई किंवा वडिलांच्या काहीच पेशींत, विशेषतः बीजपेशींत, बदल लपलेला असतो आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत तो सुटतो. म्हणून ‘दोघंही स्वच्छ’ असा अहवाल आला तरी पुढच्या गरोदरपणाआधी जनुकतज्ज्ञांशी बोला. आणि दोघांपैकी एकाच्या सगळ्या पेशींत बदल सापडलाच, तर प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मिळाला तरी आजार किती तीव्र असेल ते आधी नेमकं सांगता येत नाही.

आणि हो, मुलगा झाला म्हणून यातून सुटका नाही. हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. धोका दोघांना सारखाच. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्यामुळे ‘आता मुलगा होऊ द्या’ हे वाक्य मला साधं वाटत नाही. तुमच्या मनात दुसरं मूल आहे का, हे पत्रात कुठेच नाही. घरच्यांना हवंय, एवढंच आहे. आधी ते स्वतःला विचारा. तीन वर्षांची ही मुलगी अजून बरीच वर्षं रात्री तुम्हाला जागं ठेवणार आहे. तिचं बोलणं-चालणं मागे पडू नये म्हणून स्पीच थेरपी, फिजिओथेरपी लागेल. त्याची सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, करता येते. दोन-तीन वर्षं थांबणं किंवा थांबूनच राहणं, हेही निर्णय आहेत आणि ते चुकीचे नाहीत.

दुसरं मूल हवं असेल तर रक्ततपासणी दिवस जाण्याआधीच उरकायला हवी. गर्भाची जनुकतपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा साधारण १६ आठवड्यांपासून गर्भजल काढून होते, आणि गर्भपाताचा कायदा आठवड्यांशी बांधलेला आहे. दिवस गेल्यावर धावपळ केली तर विचार करायला वेळच राहत नाही. गर्भलिंगनिदान कायद्यात अशा आजारांच्या तपासणीला परवानगी आहे, पण ती नोंदणीकृत केंद्रातच, आणि लिंग सांगितलं जाणार नाही. मुंबईचं केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेलं केंद्र आहे. सध्याच्या डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी मागता येईल.

नणंदेच्या लग्नासाठी तपासणी लांबवायची का? महिनाभर थांबल्यानं वैद्यकीय नुकसान काही नाही, गरोदर नाही तोवर. घरातली शांतता टिकत असेल तर थांबा, पण तारीख ठरवून थांबा, नाहीतर लग्नानंतर अधिक महिना, मग बाळंतपण, असं चालत राहतं. दोघांतही बदल निघाला नाही तर नणंदेला या आजाराचा धोका इतर कुणाइतकाच. मालकांत निघाला, किंवा तुमच्यात निघाला आणि तो तुमच्या वडिलांकडून आलेला असला, तरच तिला सांगण्याचा प्रश्न येतो, आणि ते तिला एकटीला सांगायचं असतं, सोयऱ्यांच्या बैठकीत नाही. बाकी मिरगीलाच लोक इतके घाबरतात की सांगून ठेवते: हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून असलेला मिरगीचा उल्लेख १९९९ सालीच काढून टाकला आहे.

नांदवतील का, हा तुमचा खरा प्रश्न. आजारी मूल किंवा जनुकाचा अहवाल हे त्या कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. तशी वेळ आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. पण मालक चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय. ते गप्प आहेत ते तुम्हाला दोष देतात म्हणून की तेही तुमच्यासारखेच ‘माझ्यात निघालं तर’ म्हणून घाबरलेत, हे तुम्ही त्यांना विचारलेलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना बाहेर गाडीपाशी थांबू देऊ नका, आत घेऊन जा. ‘हा बदल कुणाच्या वागण्यानं होत नाही’ हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर घरी आईला समजावण्याचं काम तेच करतील. सुनेनं सांगण्यापेक्षा लेकानं सांगितलेलं आपल्याकडे लवकर उतरतं.

हे सगळं जमवायला महिने लागतील, जावेचं मात्र लांबवू नका. ती तुमच्याशी बोलत असेल तर हा लसीचा भाग तिला वाचून दाखवा. तिचं बाळ निरोगी आहे, त्याच्या लसी थांबवायला काहीही कारण नाही. राहिलेल्या लसी उशिरा का होईना देता येतात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवायला सांगा आणि गावात लसीकरणाचा पुढचा दिवस कधी आहे ते आशाताईंना विचारा. शक्य असेल तर तिच्यासोबत तुम्हीच जा.